मक्यात कटवर्म: पाहणी नेमकी कधी सुरू करायची? (माझं गणित कुठेतरी चुकलंय)

ढेकूळ · सकाळी 7:40

मंडळी मदत हवीये. मका उगवून दहा दिवस झाले, दोन पानांवर आहे. आज सहज पाइप बघायला गेलो तर खोलगट भागात रोपं आडवी पडलेली दिसली, जमिनीला लागून कात्रीनं कापल्यासारखी. एका ठिकाणी बोटानं माती उकरली तर काळपट करडी अळी, हात लावला की गोल वेटोळं करून गप्प. कटवर्मच आहे यात शंका नाही.

आता माझा प्रॉब्लेम असा की मी यावेळी अगदी शिस्तीत केलं होतं. कामगंध सापळा (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारा) लावला, रोज मोजलं, सलग दोन रात्रीत मिळून 11 पतंग सापडले त्या दिवसापासून तापमानाचे युनिट मोजायला घेतले. 300 युनिट झाले की पाहणीला जायचं असं वाचलं होतं. आज 234 झालेत. म्हणजे अजून आठवडाभर वेळ होता ना? मग ही अळी आधीच कशी आली, आणि एवढी मोठी?

फवारणी आज संध्याकाळीच करू का? कोणतं औषध?

बांधावरचा · सकाळी 8:05

औषध नंतर. अळी किती लांबीची आहे ते आधी सांग. आणि किती रोपं कापली, शंभरात किती. "बरीच" असं सांगू नकोस.

किडेमकोडे · सकाळी 8:22

ढेकूळ भाऊ, 234 युनिट हे सेल्सिअसमध्ये काढलेत की फॅरनहाइटमध्ये?

ढेकूळ · सकाळी 8:31

सेल्सिअस. कमाल अधिक किमान भागिले दोन, त्यातून 10 वजा. सध्या कमाल 25 किमान 13 च्या आसपास आहे, म्हणजे सरासरी 19, रोजचे 9 युनिट. 26 दिवस झाले, 26 गुणिले 9 बरोबर 234. बरोबर आहे ना?

किडेमकोडे · सकाळी 8:58

बेरीज गुणाकार सगळं बरोबर. फक्त 300 हा आकडा फॅरनहाइटचा आहे. तो अमेरिकेच्या मका पट्ट्यातून आलेला, तिथे 50 फॅरनहाइटच्या वरचं तापमान मोजतात. 50 फॅरनहाइट म्हणजे 10 सेल्सिअस, इथपर्यंत तुम्ही बरोबर आलात, पण मग 300 ला पण 1.8 नं भागायला पाहिजे होतं. ते होतात साधारण 167. तुम्ही तळाचा आकडा बदललात आणि वरचा तसाच ठेवलात.

ही चूक करणारे तुम्ही पहिले नाही. मी स्वतः एका वर्षी 300 चं सेल्सिअस करायला 32 वजा करून भागलं होतं, जसं ताप मोजताना करतो तसं, आणि 149 काढलं होतं. युनिट म्हणजे तापमानातला फरक असतो, तिथे 32 चा संबंधच येत नाही, नुसता भागाकार. नशीब माझं की मी लवकरच्या बाजूला चुकलो, तुम्ही उशिराच्या बाजूला.

ढेकूळ · सकाळी 9:03

अरे देवा

ढेकूळ · सकाळी 9:04

म्हणजे 167 ला जायचं होतं, रोज 9 प्रमाणे ते अठराव्या एकोणिसाव्या दिवशीच झालं. मी आठवडाभर निवांत बसलो होतो. आणि 300 पर्यंत थांबलो असतो तर अजून एक आठवडा.

किडेमकोडे · सकाळी 9:40

हो. आता सेल्सिअसमध्ये पूर्ण हिशोब लिहितो, वहीत उतरवून घ्या. पतंगांची मोठी झुंड सापडली तो दिवस शून्य. साधारण 50 युनिटला अंडी फुटतात. तिथून 170 पर्यंत अळी लहान असते, पहिल्या तीन अवस्था, ती नुसती पान खाते, टाचणीनं टोचल्यासारखी भोकं किंवा कडेला छोटे खाचे, रोप कापायची ताकद तिच्यात नसते. 170 च्या पुढे चौथी अवस्था, इथून कापणं सुरू. पाचवी 200 ते 240, सहावी 240 पासून 355 पर्यंत आणि मग कोष. तुम्ही 234 ला आहात म्हणजे पाचवी संपत आलेली, काही सहावीत गेलेल्या. अळी मोठी दिसणारच.

अजून एक, हे आकडे म्हणजे घड्याळाचा काटा नाही. सगळे पतंग एकाच रात्री अंडी घालत नाहीत त्यामुळे शेतात दोन तीन वयाच्या अळ्या सोबत सापडतात. आणि पुढे सापळ्यात पुन्हा मोठी झुंड आली तर तिचं मोजणं वेगळं सुरू करायचं, पहिल्यात मिसळायचं नाही.

नांगरट · सकाळी 10:15

एवढं गणित कशाला लागतं कळत नाही बुवा. रोज शेतात चक्कर मारली की झालं. आमचे वडील सापळा बिपळा न लावता सांगायचे कुठे अळी लागणार ते.

बांधावरचा · सकाळी 10:32

रोज चक्कर मारणाऱ्याला गणिताची गरज कमी हे खरं. पण रोज मारतो कोण? आणि मारली तरी बांधावरून. कापलेलं रोप बांधावरून दिसतं तेव्हा एका अळीनं तीन चार रोपं संपवलेली असतात. टाचणीएवढी भोकं उकिडवं बसल्याशिवाय दिसत नाहीत. आणि वडिलांना कुठे लागणार ते माहीत होतं, कधी लागणार ते दरवर्षी थंडी उन्हाप्रमाणे पुढे मागे होतं. ढेकूळकडे रोज 9 युनिट आहेत. तेच कमाल 22 किमान 10 असेल तर रोजचे 6, म्हणजे 170 व्हायला अठ्ठावीस दिवस. कमाल 28 किमान 16 असेल तर रोजचे 12, चौदा दिवसात. अंडी त्याच तारखेला घातली तरी दोन आठवड्यांचा फरक पडतो, मग पेरणीच्या तारखेवरून अंदाज कसा बांधणार?

ढेकूळ, मोजून आलास का?

ढेकूळ · सकाळी 10:50

निघतोय. कसं मोजायचं ते सांगा, मागच्या वेळी नुसतं फिरून आलो होतो आणि जिथे जास्त दिसलं तिथेच मोजलं.

बांधावरचा · सकाळी 11:06

शेतात पाच जागा घे, एकमेकांपासून लांब, कडेच्या दोन चार ओळी सोडून. जागा डोळे झाकून ठरव, नुकसान बघून ठरवू नकोस. प्रत्येक जागी एका ओळीतली सलग 20 रोपं. कापलेलं, सुकलेलं, पान कुरतडलेलं, तिन्हीची वेगळी नोंद. पाच जागांची मिळून शंभर रोपं होतात त्यामुळे टक्केवारी काढायला डोकं लावायला नको. खोलगट भाग सहावी जागा म्हणून वेगळी मोज, या पाचांत मिसळू नकोस.

कापलेल्या रोपाच्या भोवती बोटभर खोल माती उकर, वीतभर घेर. ढेकळाखाली, पाल्याखाली पण बघ. माती वरून सुकली असेल तर अळी अजून खाली असते आणि जमिनीच्या आतच कापते, मग रोप आडवं पडत नाही, नुसतं मान टाकतं आणि ओढलं की हातात येतं. प्रत्येक अळी पट्टीवर मोज.

मोजलेल्या ओळींना काठी रोव. दोन दिवसांनी तीच रोपं परत बघायची आहेत, नाहीतर नवीन किती आणि जुनी किती ते कळणार नाही.

आणि एक, आता अकरा वाजलेत. पुढच्या वेळी सकाळी लवकर जा. रात्री कापलेलं रोप सकाळी हिरवं पडलेलं असतं, दुपारपर्यंत वाळून काडी होतं, काही तर अळी बिळात ओढून नेते. दुपारी गेलास की नुसता ओळीत खंड दिसतो आणि माणूस म्हणतो उगवणच कमी झाली.

हिरवा_पोंगा · सकाळी 11:30

मला शंका आहे. आमच्याकडे पण रोपं कापलेली होती पण ती लष्करी अळी निघाली. ती पण कापते का? ओळखायचं कसं?

किडेमकोडे · सकाळी 11:52

कापते, अगदी कोवळ्या रोपांत लष्करी अळी पण बुंध्याशी कुरतडते. पण ती बहुतेक पोंग्यात, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या पानांत, बसलेली असते आणि तिचा भुसा (विष्ठा) पोंग्यात दिसतो. डोक्यावर उलटा वाय आणि शेपटाकडच्या भागावर चार ठिपके चौकोनात. कटवर्मला यातलं काही नसतं, ती नुसती मळकट, चिकट तुकतुकीत दिसते, भिंगातून बघितली तर कातडीवर वाळूसारखे दाणे.

बाकी वेटोळं दिसलं म्हणून लगेच कटवर्म म्हणू नका. हुमणी पण अर्धचंद्रासारखी वाकते, पण ती पांढरी, डोकं तपकिरी, पुढे सहा ठळक पाय, आणि ती मुळं खाते. पक्ष्यांनी उपटलेलं रोप असेल तर बाजूला छोटा खड्डा असतो आणि दाणा गायब.

आणि कटवर्ममध्ये पण प्रकार आहेत. काळी कटवर्म ही खरी कापणारी. दुसरी एक मळकट कटवर्म असते, थंडीचा काळ ती अळी रूपातच जमिनीत काढते म्हणून हंगामाच्या सुरुवातीला आधीच मोठी दिसते, माणूस घाबरतो, पण ती बहुतेक पानच खाते, कापत क्वचित. पाठीवरचे काळे ठिपके बघा: प्रत्येक वळीवर दोन जोड्या असतात, काळीत पुढची जोडी बारीक आणि मागची मोठी, मळकटीत दोन्ही सारख्या.

तणमुक्त · दुपारी 12:40

कोणीच तणाबद्दल विचारलं नाही म्हणून विचारते. ढेकूळ, खोलगट भागात पेरणीच्या आधी तण होतं का, आणि ते कधी मारलं?

ढेकूळ · दुपारी 1:55

आलो मोजून. आधी तणाचं, ताई: हो होतं, तिथे ओल टिकते म्हणून मोहरीवर्गातलं पिवळ्या फुलाचं तण माजलं होतं, पेरणीच्या दोन दिवस आधी तणनाशक मारलं. बाकी शेत स्वच्छ होतं.

आता आकडे. पाच जागा: 0, 1, 0, 0, 1. म्हणजे शंभरात 2. खोलगट भागात 20 पैकी 7 कापलेली, शिवाय 4 ची पानं कुरतडलेली. अळ्या सहा सापडल्या, सगळ्या खोलगट भागातच. पाच अळ्या अडीच ते तीन सेंटिमीटरच्या, एक दोनला जरा कमी.

गंमत म्हणजे सकाळी मला वाटलं होतं अख्खं शेत गेलं.

तणमुक्त · दुपारी 2:20

मग कोडं सुटलं. मादी पतंग अंडी घालायला मका बघतच नाही, तेव्हा मका उगवलेलाही नसतो. ती खालच्या, ओलसर, तणानं भरलेल्या जागेत अंडी घालते. एक मादी हजाराच्या वर अंडी घालते, एकेक किंवा थोडी थोडी. अळ्या तणावर वाढत असतात आणि मग तुम्ही पेरणीच्या तोंडावर तण मारता, ते हळूहळू वाळतं, तेवढ्यात मका उगवतो. अळीचं ताट काढून घेतलं आणि बाजूला दुसरं वाढलं असं झालं. तण पेरणीच्या किमान दोन आठवडे, जमलं तर तीन आठवडे आधी मारायला हवं म्हणजे लहान अळ्या उपाशी मरतात. दोन दिवस आधी मारणं हे न मारण्यापेक्षा वाईट असं मी म्हणेन.

यावरून पाहणी कुठून सुरू करायची ते पण ठरतं. विना नांगरट शेत, धसकटं तशीच ठेवलेली, हिरवं आच्छादन असलेलं, पाणी साचणारं, गवताच्या पट्ट्याला लागून असलेलं, ही शेतं आधी बघायची.

नांगरट · दुपारी 2:41

तेच म्हणत होतो मी. वडील सांगायचे खोलगटात बघ आधी.

तणमुक्त · दुपारी 2:44

मान्य काका. कुठे ते वडिलांचं आणि कधी ते सापळ्याचं.

बांधावरचा · दुपारी 3:10

ढेकूळ तुझे आकडे मस्त आलेत. आता निर्णय. ढोबळ पातळी अशी धरतात: अळ्या दोन सेंटिमीटरच्या आतल्या असतील तर 2 ते 3 टक्के रोपं कापली की फवारणीचा विचार, कारण त्यांचं बरंच खाणं बाकी आहे. दोनच्या वरच्या असतील तर 5 टक्क्यांपर्यंत थांबायला हरकत नाही, त्यांचे दिवस भरत आलेले असतात. तुझ्या बाकी शेतात 2 टक्के आणि अळ्या मोठ्या, तिथे फवारू नकोस. खोलगटात 20 पैकी 7, म्हणजे 35 टक्के, तिथे आजच.

दिवस बघ: आज 234, कोष 355 ला, मध्ये 121 युनिट, रोज 9 प्रमाणे तेरा चौदा दिवस. मोठी अळी एका रात्रीत जास्त कापते त्यामुळे तेरा दिवस खोलगट भाग तसाच सोडणं परवडणार नाही.

ढेकूळ · दुपारी 3:18

फक्त खोलगटातच? दुकानात विचारलं तर म्हणाले सगळ्या शेतावर मारा, रिस्क नको.

किडेमकोडे · दुपारी 3:45

तो सल्ला फुकट मिळतो, औषध फुकट मिळत नाही. सगळीकडे मारलंत तर जमिनीवर फिरणारे काळे भुंगे, परजीवी माश्या, गांधीलमाश्या सगळे मरतील, आणि तेच तर तुमच्या बाकीच्या शेतात अळी 2 टक्क्यांवर ठेवून आहेत. डाग आहे तिथे आणि भोवती थोडी कड.

औषध सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं, मक्याच्या लेबलवर कटवर्म लिहिलेलं असेल तेच, मात्रा लेबलची. संध्याकाळी उशिरा मारा कारण अळी रात्री वर येते. माती वरून खडखडीत असेल तर अळी खालीच राहते आणि औषध वाया जातं, आधी हलकं पाणी देता आलं तर द्या. आणि मारल्यावर दोन तीन दिवस कोळपणी नको, औषध मातीत गाडलं जाईल. हातमोजे, मास्क विसरू नका.

कोंड्यात मळी आणि औषध कालवून आमिष टाकायची जुनी पद्धत आहे पण पक्षी, कोंबड्या, कुत्री ते खातात, मी तरी आता करत नाही.

बीजप्रक्रिया_झिंदाबाद · दुपारी 4:30

पण बियाण्याला औषध लावलेलं असेल तर कटवर्म लागतच नाही ना? पिशवीवर कीड नियंत्रण लिहिलंय.

किडेमकोडे · दुपारी 4:52

कोणत्या गटातलं औषध लावलंय त्यावर अवलंबून आहे. निओनिकोटिनॉइड (बियाण्याला लावायच्या कीटकनाशकांचा एक गट) वर काळ्या कटवर्मसाठी विसंबू नका, लहान अळीवर थोडाफार परिणाम होतो, तणावर वाढून चौथ्या अवस्थेत आलेली अळी रोप कापून मोकळी होते. औषध तिला खाल्ल्यावर मिळणार आणि खाणं म्हणजेच कापणं. बीटी वाणांचं (ज्यांच्या रोपातच अळीला मारणारं प्रथिन तयार होतं) पण तसंच, जिथे ते पेरतात तिथे क्राय1एफ किंवा व्हिप3ए ही प्रथिनं असलेले वाण हिला रोखतात, क्राय1एबी रोखत नाही. पिशवीवर बीटी लिहिलं म्हणून पाहणी सोडायची नाही.

हिरवा_पोंगा · संध्याकाळी 5:15

ज्यांच्याकडे सापळा नाही त्यांनी काय करायचं मग? माझ्याकडे नाहीये.

बांधावरचा · संध्याकाळी 5:37

मग उगवण दिसली की एक दोन दिवसात पहिली फेरी, आणि पाच पानं होईपर्यंत आठवड्यातून दोनदा. पानं मोजताना ज्यांची कॉलर (पान बुंध्याला जोडतं तिथली फिकट पट्टी) दिसते तीच मोजायची, पोंग्यातलं टोक नाही. त्यात पानावर टाचणीची भोकं दिसली तर समजायचं कापणं काही दिवसांवर आलंय, मग दिवसाआड. पाच पानांनंतर बुंधा जाड होतो, अळीला कापणं जड जातं.

सापळा असला तरी तो शेत दाखवत नाही हे लक्षात ठेव. त्यात फक्त नर येतात, वासाला भुलून, माद्या कुठे उतरल्या ते सापळ्याला माहीत नसतं. शून्य दिवस तेवढा कळतो. मका पट्ट्यात तर पतंग दक्षिणेकडून वाऱ्यावर वाहत येतात, एका वादळासरशी झुंडच्या झुंड, म्हणून तिथे सलग दोन रात्रीत 8-9 सापडले की मोजणी सुरू करतात. रोज एखाद दुसरा सापडला त्याला अर्थ नाही.

ढेकूळ · रात्री 9:20

मारलं. सातला सुरू केलं, खोलगट भाग आणि भोवती चार चार ओळी. अर्धा टाकी उरली, सगळ्यावर मारायची म्हणून जास्त केली होती. हे पण माझंच गणित.

तणमुक्त · रात्री 9:34

😄 उरलेलं ओढ्यात ओतू नका फक्त. लेबलच्या मात्रेत बसत असेल तर त्याच पट्ट्याच्या कडेला संपवा.

ढेकूळ · तीन दिवसांनी, सकाळी 6:55

अपडेट. काठ्या रोवलेल्या ओळी परत मोजल्या. खोलगटात नवीन कापलेलं एकही नाही, उकरल्यावर तीन मेलेल्या अळ्या आणि एक जिवंत पण सुस्त. बाकी पाच जागांत मिळून एक नवीन, म्हणजे शंभरात 3. तिथे अळी सापडली, साडेतीन सेंटिमीटरची. दगडावर ठेवून दुसरा दगड ठेवला वर.

एक प्रश्न, त्या सात कापलेल्या रोपांपैकी चारांतून हिरवं टोक वर येतंय. ही जगतील का? का नांग्या भरू (रिकाम्या जागी परत बी टोकू)?

बांधावरचा · सकाळी 7:30

जगतील. या वयात मक्याचा वाढबिंदू जमिनीच्या खाली असतो, पाच सहा पानांपर्यंत तो खालीच राहतो. अळीनं त्याच्या वरून कापलं तर रोप परत फुटतं, थोडं मागे पडतं एवढंच. खालून कापलं ती तीन गेली. नांग्या भरायच्या तर लगेच भर, नाहीतर आजूबाजूची रोपं सावली करतात आणि नांगीला कणीस धड लागत नाही. तीन रोपं एकमेकांपासून लांब असतील तर मी सोडून देईन, सलग असतील तर भरेन.

ढेकूळ · सकाळी 7:41

दोनच सलग आहेत. सोडतो.

नांगरट · सकाळी 8:10

सापळा कुठे बांधलायस रे तू? कितपत उंच?

ढेकूळ · सकाळी 8:26

कंबरेएवढा काका, गवताच्या पट्ट्याच्या कडेला. पुढच्या वेळी पेरणीच्या महिनाभर आधीच लावणार आणि खोलगटातलं तण त्याच आठवड्यात काढणार. वहीत पहिल्या पानावर 170 लिहून गोल केलाय.

किडेमकोडे · सकाळी 8:40

शेजारी "सेल्सिअस" पण लिहा.

ढेकूळ · दहा दिवसांनी, संध्याकाळी 6:12

शेवटचं अपडेट. आज युनिट 352. मका चार पानं पूर्ण, पाचवं येतंय. खोलगटात आणि बाकी पाच जागांत नवीन कापलेलं शून्य. उकरताना तपकिरी कोष सापडला एक, बोटाच्या पेरापेक्षा लहान, दाबला की शेपटी हलवतो. काडेपेटीत घालून खिडकीत ठेवलाय, काय निघतं ते पोरांना दाखवायला.

हिरवा_पोंगा · संध्याकाळी 6:50

काडेपेटीला भोक पाडा दादा. आणि पतंग निघाला की बाहेर सोडू नका 🙏